इमोबिलायझर व मोटारीची नवी चावी

इमोबिलायझर : चावीची इलेक्ट्रॉनिक ओळख पटल्याशिवाय मोटारीचे इंजिन चालू होऊ न देणारी चोरीप्रतिबंधक यंत्रणा. चावीचे धातूचे पाते दार उघडते आणि इग्निशनचे कुलूप फिरवते. इंजिनाला मिळणारी परवानगी मात्र चावीच्या प्लॅस्टिकच्या मुठीतील चिप आणि मोटारीच्या स्मृतीतील नोंद यांचा मेळ बसण्यावर अवलंबून असते. त्यामुळे हुबेहूब खाचांची डुप्लिकेट चावी करून घेतली, तरी मोटारीत तिची नोंद होईपर्यंत तिच्याने इंजिन चालू राहत नाही.

पूर्वेतिहास : जनरल मोटर्स कंपनीने १९८६ साली कॉर्व्हेट मोटारीच्या चावीत विद्युत्‌रोधक बसवला. रोधाच्या पंधरा ठरावीक मूल्यांपैकी अपेक्षित मूल्य आढळले, तरच ती मोटार सुरू होई. पुढे बिनतारी चिपने या रोधकाची जागा घेतली. जर्मनी व ब्रिटन यांनी १९९८ मध्ये आणि कॅनडाने २००७ मध्ये नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला. अमेरिकेत अशी सक्ती नसल्याने तो न बसवलेली ह्युंदाई व किया यांची अनेक मॉडेले २०२१ नंतर तेथे मोठ्या प्रमाणावर चोरीला गेली. भारतात मारुती सुझुकीची ही यंत्रणा ‘आयकॅट्स’ या नावाने परिचित आहे.

कार्य : इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचे वेटोळे असते. चावी फिरवताच ते साधारणपणे १२५ किलोहर्ट्‌झ वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते आणि त्यातूनच चिपला ऊर्जा मिळते, म्हणून चिपला बॅटरी लागत नाही. दार उघडण्याच्या रिमोटचे मंडल वेगळे असते. रिमोटचा सेल संपला तरी चिप काम करते, आणि बटण दाबून सुरू होणाऱ्या बहुतेक मोटारींत सेल संपलेली चावी ठरावीक जागी टेकवून इंजिन चालू करता येते. सुरुवातीच्या चिपा एकच ठरावीक क्रमांक पाठवीत. नंतरच्या चिपांत मोटार दर वेळी नवी यादृच्छिक संख्या पाठवते, चिप आपल्या गुप्त किल्लीने तिच्यावर गणिती प्रक्रिया करून उत्तर देते आणि ते जुळले तरच इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, म्हणजे ईसीयू, इंधन व ठिणगी चालू ठेवतो.

नवी चावी जोडणे : प्रथम चावीच्या कोडवरून पाते कापले जाते आणि मुठीत त्या मॉडेलला चालणारी चिप बसवली जाते. त्यानंतर स्टेअरिंगखालच्या निदान-जोडणीला स्कॅनर लावून, निर्मात्याकडून मिळणारा सुरक्षा-संकेतांक देऊन चिपची नोंद करतात. फोर्डच्या अनेक मॉडेलांत नोंदलेल्या दोन चाव्या हाताशी असल्यास मालकाला तिसरी चावी स्कॅनरशिवाय जोडता येते : दोन्ही जुन्या चाव्यांनी एकामागून एक इग्निशन चालू-बंद करून, काही सेकंदांच्या आत नवी चावी लावायची असते. सर्वच चाव्या हरवल्या असतील, तर काही मोटारींत नियंत्रक पुन्हा आरंभित करावा लागतो, क्वचित बदलावाही लागतो, आणि त्यामुळे खर्च वाढतो.

बिघाडाची लक्षणे : चावी ओळखली गेली नाही, तर डॅशबोर्डवरील चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह भराभर लुकलुकते, काही मोटारींत स्टार्टर फिरतच नाही, तर काहींत इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडते. चिप तुटणे, वेटोळ्याची तार सुटणे, मोटारीची बॅटरी क्षीण होणे किंवा त्याच जुडग्यात दुसरी चिपयुक्त चावी असणे ही त्याची नेहमीची कारणे होत.

मर्यादा व दक्षता : टेक्सास इन्स्ट्रुमेंट्‌सच्या चिपमधील ४० बिटांची गुप्त किल्ली शोधून काढता येते, हे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले, २०१२ मध्ये ४८ बिटांच्या ‘हायटॅग-२’ चिपचेही तेच झाले. तरीही हरवलेली चावी स्मृतीतून पुसली न जाणे, हा मालकाच्या दृष्टीने अधिक नजीकचा धोका असतो. भारतात नव्या चावीसाठी अधिकृत विक्रेते सामान्यतः नोंदणी प्रमाणपत्र, ओळखपत्र व पोलिसांकडील हरवल्याची नोंद मागतात, आणि चोरीचा दावा निकाली काढताना विमा कंपन्या मोटारीच्या सर्व चाव्या मागतात. म्हणून नवी चावी जोडताना जुनीची नोंद रद्द करून घेणे आणि त्याची पावती जपणे हिताचे ठरते.