मुखवट्यावरून दातावर: सोंगाच्या सुळ्यांची कुळकथा

वेशभूषा स्पर्धेत किंवा हॅलोविनच्या संध्याकाळी वॅम्पायरचे, म्हणजे रक्त पिऊन जगणाऱ्या युरोपीय पिशाच्चाचे, सोंग घेणाऱ्याच्या वरच्या ओठाखालून जे दोन टोकदार सुळे डोकावतात, त्यांचे मूळ बहुधा ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला' या कादंबरीत शोधले जाते. कादंबरीने त्या दातांना कीर्ती दिली हे खरे. तथापि सोंगाचा सुळा ही हाताने घडवायची वस्तू असल्याने तिची कुळकथा साहित्यापेक्षा मुखवटे करणाऱ्यांच्या आणि कवळ्या घडवणाऱ्यांच्या कामात अधिक स्पष्ट दिसते.

उग्र दैवताला आणि दैत्याला बाहेर आलेले सुळे देण्याची रीत महाराष्ट्रात वॅम्पायरच्या कितीतरी आधीची आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा भागात आदिवासी समाज होळीनंतरच्या दिवसांत जो बोहाडा, म्हणजे देवदेवतांची व राक्षसांची सोंगे रात्रभर नाचवण्याचा उत्सव, साजरा करतात, त्यात कागदाच्या लगद्याचे किंवा लाकडाचे मुखवटे असतात आणि राक्षसाचे दात त्या मुखवट्यावरच घडवलेले वा रंगवलेले असतात. मुखवट्यामागचा माणूस वाद्यांच्या ठेक्यावर नाचतो. संवाद म्हणणे हे त्याचे मुख्य काम नसल्याने दात तोंडाबाहेर राहिले तरी काही अडत नाही. केरळच्या कथकलीत याच्या पुढचे पाऊल पडलेले दिसते. तिथे रौद्र पात्राचा नट वक्र सुळे तोंडात धरून ठेवतो व क्रोधाच्या क्षणी ते ओठांबाहेर काढतो, आणि हे त्याला साधते, कारण तो स्वतः बोलत नाही, पदे मागे उभे असलेले गायक म्हणतात. बोलणाऱ्या पात्राच्या तोंडात सुळे टिकवायचे कसे, हा प्रश्न मात्र बोलपटाने ऐरणीवर आणला.

१९२२ च्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटात माक्स श्रेकच्या पिशाच्चाला उंदरासारखे मधले पटाशीचे दात लांब दिले होते, तर १९३१ च्या अमेरिकी 'ड्रॅक्युला'त बेला लुगोसीचे सुळे पडद्यावर दिसतच नाहीत. १९५७ च्या 'एल व्हाम्पिरो' या मेक्सिकन चित्रपटात आणि १९५८ मध्ये ब्रिटनच्या हॅमर कंपनीच्या 'ड्रॅक्युला'त ख्रिस्तोफर ली यांच्या मुखात सुळे ठळकपणे दिसले, आणि आज परिचित असलेले रूप तेव्हापासून रूढ झाले.

दरम्यानच्या काळात दंतवैद्यकात झालेला बदल येथे निर्णायक मानावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कवळीची बैठक व्हल्कनाइट या गंधक घालून कठीण केलेल्या रबराची असे. ते गडद आणि अपारदर्शक होते. १९३० च्या दशकात त्याची जागा अॅक्रिलिकने घेतली, जे दाताच्या किंवा हिरडीच्या रंगात मिळते आणि पातळ असूनही टिकते. पुढच्या दशकात उष्णतेवाचून, केवळ भुकटी व द्रव मिसळून घट्ट होणारे अॅक्रिलिक आले. दंतशाळांत त्याला 'कोल्ड क्युअर' म्हणतात, परंतु हे नाव फसवे आहे, कारण घट्ट होताना ते चांगलेच तापते. म्हणूनच जाणकार कारागीर ते कधीही थेट दातावर लावत नाही. आधी दातांचा ठसा घेतो, त्यात प्लॅस्टर ओतून प्रतिकृती करतो आणि सुळ्याची टोपी त्या प्रतिकृतीवर घडवतो. ही सावधगिरी घरगुती प्रयोगात सर्वांत आधी सोडली जाते, आणि झटपट चिकटणारा डिंक तोंडात वापरण्याचा अविचारही तिथेच घडतो, ही खेदाची गोष्ट आहे.

पिंपरी-चिंचवडमधील चिखलीसारख्या उपनगरात या वस्तूची दोन रूपे शेजारी नांदतात. बाजारात मिळणारी प्लॅस्टिकच्या दातांची सलग पट्टी इंजेक्शन मोल्डिंगने, म्हणजे वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरून, होते. जवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यात वाहनांचे प्लॅस्टिकचे सुटे भाग याच पद्धतीने तयार होतात. साचा एकच असल्याने ती पट्टी कोणत्याच तोंडात नीट बसत नाही. घरी करणाऱ्यासाठी सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ होणारे प्लॅस्टिकचे दाणे अधिक सोयीचे ठरतात. गरम पाण्यात ते पारदर्शक झाले की बाहेर काढून, चटका बसणार नाही इतके निववून, ओल्या सुळ्यावर दाबायचे आणि पुरते कडक होण्याआधी काढून घ्यायचे, नाहीतर दाताच्या खाचेत ते अडकतात.

मराठी बोलणाऱ्याला सुळ्यांवर घडवलेल्या अशा सुट्या टोप्यांचा एक विशेष लाभ होतो. त, थ, द, ध हे वर्ण उच्चारताना जिभेचे टोक वरच्या पटाशीच्या दातांच्या मागे टेकते. सलग पट्टी नेमकी तीच जागा अडवते, आणि केवळ दोन सुळ्यांवर बसवलेल्या टोप्या ती मोकळी ठेवतात.