अंडाशयाची सावली

शिकागोच्या मायकेल रीझ हॉस्पिटलात डॉ. आयर्विंग स्टाइन बायकांच्या पोटात सुईने गॅस सोडून एक्स-रे काढत. बाईला डोकं खाली करून पालथं झोपवायचं. आतडी छातीकडे सरकली की ओटीपोटात गॅस साठायचा आणि फिल्मवर गर्भाशयाची नि दोन्ही अंडाशयांची सावली उमटायची. गर्भाशयाच्या मानाने अंडाशय फार मोठं दिसलं की संशय बळावायचा. खात्री पोट उघडल्यावरच. 1935 साली स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथाल यांनी पाळी थांबलेल्या आणि अंडाशयं अशी मोठी झालेल्या सात जणींची हकीकत छापली. अंडाशयाचा निम्म्याहून अधिक भाग कापल्यावर सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस गेले. सोनोग्राफी करणारी डॉक्टर म्हणून मला त्या सात जणींविषयी कायम कृतज्ञता वाटते.

पुढे रक्तातले हार्मोन मोजता येऊ लागले. एलएच हे हार्मोन एफएसएच या हार्मोनच्या दुप्पट-तिप्पट आलं की पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम), म्हणजे त्या सात जणींचाच आजार, असा हिशेब बरीच वर्षं चालला. पण आजार असूनही कित्येकींचं हे प्रमाण बिघडलेलं नसतं, म्हणून तो मागे पडला.

मग आमचं सोनोग्राफीचं मशीन आलं. 1985च्या सुमारास लंडनच्या डॉक्टरांनी अंडाशयात दहा किंवा जास्त बारीक फॉलिकल, म्हणजे बीजांडाच्या पिशव्या, ही खूण धरली. 2003 साली रॉटरडॅमला तज्ज्ञांच्या बैठकीत बारा ठरले, 2018 साली वीस. बायकांची अंडाशयं बदलली नव्हती. सोनोग्राफीचे प्रोब इतके चांगले झाले, की निरोगी बाईतही बारा सहज मोजता येऊ लागले.

रॉटरडॅमच्या बैठकीचा खरा ठेवा वेगळा आहे: निदानाचा नियम. अनियमित पाळी, वाढलेले पुरुषी हार्मोन किंवा त्यांच्या खुणा, आणि अंडाशयाचं रूप, या तिन्हींपैकी दोन हवेत. तेही थायरॉइड, प्रोलॅक्टिनसारखी कारणं बाजूला काढल्यावर. नुसत्या सोनोग्राफीवर निदान होत नाही.

तरी सोळा-सतरा वर्षांच्या मुली सोनोग्राफीसाठी येतात. बाटलीभर पाणी पिऊन, लघवी तुंबवून बाकावर बसलेल्या, शेजारी काळजीत पडलेली आई. पोटावरून फॉलिकल नीट मोजता येत नाहीत, आणि या वयात निरोगी अंडाशयही तसंच दिसतं. पहिल्या पाळीनंतर आठ वर्षं निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. 2023 साली मोठ्या बायकांसाठी सोनोग्राफीऐवजी एएमएच या हार्मोनची रक्ततपासणी चालेल असं ठरलं. मुलींसाठी तीही नाही. म्हणून मी आईला आधी पाळीच्या तारखा लिहून आणायला सांगते.