किती गोण्या? : बटाट्याच्या पोषणाची प्रस्तावना

खरिपाच्या तोंडावर मंचरच्या बाजारात पंजाबचे बेणे उतरू लागले, की सातगाव पठारावरचा शेतकरी खताच्या दुकानात एकच विचारतो : एकरी किती गोण्या टाकायच्या? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर जमिनीवर, आधीच्या पिकावर आणि बटाटा कोणाला विकायचा यावर अवलंबून असते. ते काढायला शिकवणे, हे या ग्रंथाचे काम.

सुरुवात जमाखर्चाने करावी. एक टन बटाटा शेताबाहेर जातो, तेव्हा त्याच्यासोबत साधारण 3 ते 4 किलो नत्र, 1 ते दीड किलो स्फुरद आणि 5 ते 6 किलो पालाश जाते. एकरी 10 टन निघाले, तर पालाशच 50 ते 60 किलो. आता डीएपीच्या दोन आणि युरियाच्या दोन गोण्या टाकणाऱ्याचा हिशेब मांडा : नत्र 59 किलो, स्फुरद 46 किलो, पालाश शून्य. खर्च भरपूर झाला, आणि ज्याची उचल सर्वांत मोठी त्याची सारी भिस्त जमिनीवर राहिली.

मात्र जमाखर्च म्हणजे शिफारस नव्हे. चुनखडीच्या जमिनीत दिलेले बरेचसे स्फुरद कॅल्शियमशी बांधले जाते. त्यात बटाट्याची मुळे उथळ. म्हणून पीक उचलते त्याहून कितीतरी जास्त स्फुरद, तेही बेण्याजवळ सरीत, द्यावे लागते. काळ्या मातीत पालाशाचा साठा मोठा असतो. पण बटाटा पोसण्याच्या दिवसांत तो पिकाच्या गरजेइतक्या वेगाने मोकळा होईलच असे नाही. नत्राची तऱ्हा आणखी वेगळी. सुरुवातीला जास्त झाले की पाला माजतो, बटाटा धरायला उशीर होतो आणि दमट हवेत करप्याला रान मोकळे मिळते. हलक्या जमिनीत तेच नत्र पावसाने झिरपून जाते. म्हणून एक हप्ता लागवडीला आणि उरलेला भर लावताना. चिप्सच्या कारखान्यात वजनाइतकाच कोरडा अंश पाहतात. क्लोराइडने तो घटतो, म्हणून तिथे म्युरेटऐवजी महागडे सल्फेट ऑफ पोटॅश परवडू शकते.

या विचाराला मोठी परंपरा आहे. जे अन्नद्रव्य सर्वांत तोकडे, तेच उत्पादनाला मर्यादा घालते, हा सिद्धान्त जर्मनीत श्प्रेंगेलने 1828 मध्ये मांडला आणि लीबिखने 1840 नंतर तो सर्वदूर नेला. आपल्याकडे राममूर्ती यांनी 1967 मध्ये माती परीक्षण आणि अपेक्षित उत्पादन यांची सांगड घालून खतमात्रा काढण्याची पद्धत दिली. तेव्हापासून ‘सर्वांना एकच मात्रा’ या शिफारशीला शास्त्रीय पर्याय उपलब्ध आहे. बांधावर मात्र तो अजून पुरता पोहोचलेला नाही.

या विषयात नव्याने येणाऱ्याला कृषी पदवीची अट नाही. स्वतःच्या शेताचा माती अहवाल शेजारी ठेवा. समोर आलेला प्रत्येक आकडा एकराचा की हेक्टरचा, खताचा की अन्नद्रव्याचा, हे आधी पाहा. मगच पान उलटा.