रात्रीचा रस्ता कोणाचा?

वसंतातल्या या व्यासपीठावरून साम्राज्यांच्या उदयास्तांची चर्चा होते, संतांच्या शिकवणुकीची होते, देशाच्या अर्थकारणाची होते. अशा ठिकाणी ‘राहत्या वस्तीतील रस्त्यावर रात्रभर मोटार उभी करू द्यावी की नाही’ हा विषय मांडणे म्हणजे नगरपालिकेच्या सभेतले भांडण सरस्वतीच्या मंदिरात आणणे होय, असे कोणास वाटले तर मी त्यांस दोष देणार नाही. परंतु इतिहास हा केवळ तख्तांचा आणि तहांचा नसतो. जी जागा सर्वांची आहे तिचा उपभोग कोणी घ्यावा, किती घ्यावा आणि कोणत्या मोबदल्यात घ्यावा, हा प्रश्न प्रत्येक शहराला सोडवावा लागला आहे. शहर श्रीमंत आहे की गरीब हे दिवसा बाजारपेठेत कळते. ते न्यायाने चालते की नाही हे मात्र कळते रात्री दोन वाजता, आगीचा बंब गल्लीच्या तोंडाशी येऊन दोन्ही बाजूंच्या गाड्यांमुळे अडून राहतो तेव्हा!

घोड्यांच्या जमान्यात हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. याचे श्रेय माणसांच्या शहाणपणाला नसून घोड्याच्या पोटाला आहे. घोड्याला रात्री चारा लागतो, पाणी लागते, थंडीवाऱ्यापासून आडोसा लागतो. त्यामुळे श्रीमंतांची पागा असे आणि टांगेवाल्याचा तबेला असे. पण घोडा रस्त्यावर बांधून धनी घरात निजला, असे सहसा होत नसे. जनावर बाळगायचे म्हणजे त्याच्यासाठी जागाही बाळगायची, हा व्यवहार कोणी कायद्याच्या पुस्तकात न लिहिताही पाळला जाई.

तरीही तंटे होतच. १८१२ साली लंडनमध्ये एक खटला उभा राहिला. चेरिंग क्रॉस या गजबजलेल्या ठिकाणी एका गाडीमालकाच्या उतारूंच्या घोडागाड्या बराच वेळ रस्त्यातच थांबून राहत. मालकाचे म्हणणे उघड होते : रस्ता सार्वजनिक आहे, मीही त्या जनतेतलाच एक आहे. मुख्य न्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यांनी ते मान्य केले नाही. उतारू चढवण्या-उतरवण्यापुरते थांबण्यास कोणाची हरकत असू शकत नाही. पण राजमार्गाला आपल्या तबेल्याचे अंगण करण्याचा अधिकार कोणालाही नाही, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. रस्ता जाण्यायेण्यासाठी आहे, वस्तीला राहण्यासाठी नाही, हे तत्त्व त्यात स्वच्छ सांगितले गेले. पुढे दोनशे वर्षांत जगातल्या शहरांनी या विषयावर जो वाद घातला, त्याचे बीज या एका वाक्यात आहे.

मग मोटार आली. तिला चारा नको, पाणी थोडे. तरी प्रथम प्रथम तीही छपराखालीच राही, कारण बहुतेक मोटारी उघड्या टपाच्या असत. पावसाने गाद्या भिजत, लाकूड फुगे, रंग उडे. अमेरिकेत १९१९ साली तयार होणाऱ्या मोटारींत बंद टपाची गाडी दहांत एखादीच असे. १९२७ साली हे प्रमाण दहांत आठांवर गेले. याच सुमारास लवकर वाळणारे आणि ऊनपावसात टिकणारे नवे रंगही निघाले. गाडी आता रात्रभर उघड्यावर राहिली तरी बिघडत नव्हती. त्याच दहा वर्षांत, म्हणजे १९२० पासून १९३० पर्यंत, त्या देशातील मोटारींची संख्या सुमारे ऐंशी लाखांवरून दोन कोटी तीस लाखांच्या घरात गेली. टप बंद झाले, किंमत उतरली, आणि लॉर्ड एलेनबरोंनी नाकारलेले अंगण लोकांनी आपण होऊन घेतले.

काही अमेरिकन गावांनी हे मुकाट्याने होऊ दिले नाही. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना गावाने रात्री दोन ते पहाटे सहा या वेळात रस्त्यावर गाडी ठेवण्यास मनाई केली. शिकागोलगतचे ओक पार्क आणि बोस्टनला खेटून असलेले ब्रुकलाइन यांनीही अशीच रात्रबंदी घातली. बंदीच्या बाजूची कारणे भक्कम होती. आगीचा बंब आणि रुग्णवाहिका यांना वाट हवी. झाडूवाल्यांना रस्ता कडेपर्यंत झाडता यावा. थंड प्रदेशात रात्री पडलेले बर्फ पहाटे उपसता यावे. अंधारात चोरांना आडोसा मिळू नये.

परंतु दुसरी बाजूही तितकीच ऐकण्यासारखी होती. ज्याचे स्वतःचे घर, घरामागे अंगण आणि अंगणात गॅरेज, त्याला या बंदीचा उपसर्ग काहीच नव्हता. बंदी त्याने मागावी, तिचा लाभ त्यानेच घ्यावा, आणि सकाळी स्वच्छ रस्त्याकडे पाहून समाधान मानावे. जो भाड्याच्या खोल्यांत राहतो त्याने काय करायचे? त्याला गाडी ठेवण्यासाठी दुसऱ्याची जागा भाड्याने घ्यावी लागे. म्हणजे एक भाडे स्वतःच्या निजण्याचे आणि दुसरे गाडीच्या निजण्याचे! पाहुणा मुक्कामाला आला तर त्याच्या गाडीसाठी पोलिसांची परवानगी काढा. ‘हा नियम रस्ता मोकळा ठेवण्यासाठी आहे, की भाडेकरूंना गावाबाहेर ठेवण्यासाठी आहे?’ असा रोकडा प्रश्न विचारला जाऊ लागला. ब्रुकलाइनसारख्या गावात हा वाद पिढ्यान्पिढ्या पुन्हा पुन्हा निघत राहिला आहे. पॅसाडेनाने ज्यांना जागाच नाही त्यांच्यासाठी पैसे घेऊन परवाने देण्याची तोड काढली. न्यूयॉर्कसारख्या महानगरात तर विसाव्या शतकाच्या मध्याला गाड्यांच्या संख्येपुढे रात्रबंदीचा नियमच टिकला नाही. १९५० साली तिथे, झाडलोट करता यावी म्हणून, ठरलेल्या दिवशी रस्त्याची एक बाजू आणि दुसऱ्या दिवशी दुसरी बाजू मोकळी ठेवण्याची पद्धत सुरू झाली. शहराने रस्ता परत मागितला नाही. केवळ झाडण्यापुरता उसना मागितला.

यावर आणखी एक तोड निघाली. ओहायो राज्यातील कोलंबस शहराने १९२३ साली असा नियम केला की, भाड्याच्या खोल्यांची नवी इमारत बांधणाऱ्याने गाड्यांसाठीही जागा ठेवली पाहिजे. पुढे हा नियम देशभर पसरला. दिसायला तो किती निरुपद्रवी! पण ती जागा आकाशातून पडत नाही. तिची किंमत इमारतीच्या खर्चात मिसळते, तेथून खोलीच्या भाड्यात उतरते, आणि ज्याच्याजवळ गाडी नाही तोही ती भरतो. डोनाल्ड शूप या नगरनियोजनाच्या प्राध्यापकांनी २००५ साली या एका विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. फुकट मिळणारी जागा वस्तुतः फुकट नसते, तिची किंमत दुसराच कोणी मोजत असतो, हे त्यांनी त्यात सविस्तर दाखवून दिले.

आता आपण पूर्वेकडे वळू, कारण याच प्रश्नाला जपानने निराळ्या टोकाकडून हात घातला.

युद्धात जळून गेलेले टोकियो पुन्हा उभे राहत होते. रस्ते मात्र जुन्याच वळणाचे होते. १९५० च्या इमारत कायद्याने रस्त्याची किमान रुंदी चार मीटर ठरवली, आणि तेवढीही रुंदी नसलेल्या असंख्य गल्ल्यांत नव्या घराने मध्यरेषेपासून दोन मीटर मागे सरकून बांधावे असे सांगितले. अशा गल्लीत एक मोटार उभी राहिली तर उरते काय? १९५८ साली सुबारू ३६० ही चिमुकली गाडी बाजारात आली. मध्यमवर्गीय कुटुंबाला मोटारीचे स्वप्न परवडू लागले. १९६० च्या अखेरीस पंतप्रधान इकेदा यांच्या सरकारने दहा वर्षांत राष्ट्राचे उत्पन्न दुप्पट करण्याची योजना जाहीर केली. उत्पन्न वाढले की मोटार येणार, आणि मोटार आली की ती गल्लीत उभी राहणार, हे उघड दिसत होते. रस्त्यावर गाडी ठेवण्याला जपानी लोकांनी नावही मोठे सुंदर दिले : ‘निळ्या आभाळाखालचे पार्किंग’. नाव काव्यमय होते. पण लाकडी घरांच्या त्या वस्तीत आगीचा बंब अडला तर त्यातले काव्य संपत असे.

१९६२ च्या जून महिन्यात जपानने कायदा केला. त्याचे मर्म एका ओळीत सांगता येते : गाडी घेण्यापूर्वी ती कोठे ठेवणार ते दाखवा. रस्ता सोडून अन्यत्र जागा आहे, स्वतःची किंवा भाड्याची, असे पोलिस ठाण्याचे प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज मोटारीची नोंदणी व्हायची नाही. जागा घरापासून पाचशे मीटरच्या आत हवी, अशी अट प्रथम होती. पुढे ती दोन किलोमीटरपर्यंत सैल केली गेली. शिवाय एकाच ठिकाणी रस्त्यावर सलग बारा तास, आणि रात्रीच्या वेळी आठ तास, गाडी ठेवण्यास मनाई झाली. १८१२ च्या निर्णयातले तत्त्व जपानने दीडशे वर्षांनी कागदाच्या एका तुकड्यात आणले. घोड्याच्या काळचा मुका व्यवहार पुन्हा कायद्याने बोलता झाला.

हा कायदा म्हणजे सर्व रोगांवरचे औषध ठरले, असे मात्र मी म्हणणार नाही. छोट्या गाड्यांना त्यातून वगळले होते, आणि ही सवलत सुमारे तीन दशके चालली. लोकांनी पळवाटाही शोधल्या. दूरच्या नातेवाइकाच्या पत्त्यावर गाडी नोंदवायची आणि स्वतः शहरात वापरायची, या लबाडीला तर रूढ नावच पडले होते. म्हणून १९९० साली कायदा कडक करावा लागला. रस्त्यावरचे अपघातही या कायद्याने थांबले नाहीत. १९७० साली जपानात वाहतुकीच्या अपघातांत १६,७६५ माणसे मेली. तरीसुद्धा एक गोष्ट साधली. गाडीची जागा ही गाडीच्याच खर्चाचा भाग आहे, ही समजूत त्या समाजात रुजली. शहराच्या गल्लीबोळांत महिन्याच्या भाड्याने मिळणाऱ्या जागांचा व्यवहार वाढला. जागा आहे म्हणून गाडी घेणारा आणि जागा नाही म्हणून आगगाडीने जाणारा, दोघांनाही हिशेब आधीच ठाऊक झाला.

श्रोतेहो, आता आपल्या दाराशी येऊ. एका मोटारीला उभे राहण्यास अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरतात. चौरस फुटांत ती सुमारे एकशे पस्तीस होते. मुंबईत १९२० नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. त्यांतील एका खोलीचे क्षेत्रफळ साधारण एकशे साठ चौरस फूट. त्या खोलीत दोन-दोन पिढ्यांचे संसार झाले, मुलांची लग्ने ठरली, परीक्षांचे अभ्यास झाले; आणि त्या खोलीचे भाडे दरमहा भरावे लागे. रस्त्यावर रात्रभर निजणाऱ्या मोटारीला जवळजवळ तेवढीच जागा लागते, आणि बहुतेक ठिकाणी तिच्याकडून कोणी छदामही मागत नाही. माणसाने पदपथावर अंथरूण घातले तर आपण त्याला अतिक्रमण म्हणतो. मोटारीच्या बाबतीत आपल्याला तो शब्द आठवत नाही.

पुण्याची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. सायकलींचे शहर म्हणून ज्याची ख्याती होती, ज्याच्या पेठांतील वाड्यांच्या देवडीत सायकली टेकून ठेवलेल्या असत, त्या शहरात २०१८ साली नोंदलेल्या वाहनांची संख्या छत्तीस लाखांवर गेली. माणसांपेक्षा वाहने अधिक, अशी चर्चा झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये महापालिकेपुढे पार्किंगचे धोरण आले. रस्त्यावर गाडी ठेवण्यास शुल्क घ्यावे, रात्रीही घ्यावे, असा त्याचा रोख होता. विरोध इतका झाला की, अखेर काही थोड्या रस्त्यांवर प्रयोग करून पाहावा, इतपतच ते मंजूर झाले. विरोधकांचे म्हणणे नुसते स्वार्थाचे होते असे मानणे अन्यायाचे होईल. बस वेळेवर येत नाही म्हणून कर्ज काढून दुचाकी घेतलेला कारकून, जुन्या वाड्यात वाहनाला जागा नाही म्हणून ती बाहेर लावणारा भाडेकरू, यांनी ‘आधी बस द्या, मग पैसे मागा’ असे म्हटले तर त्यांचे काय चुकले? २०२५ साली राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी, जागेचा पुरावा असल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी करू नये, असा विचार बोलून दाखवला तेव्हाही हाच वाद नव्याने पेटला. बासष्ट सालच्या जपानचा प्रश्न त्रेसष्ट वर्षांनी आपल्या उंबऱ्याशी आला होता.

या सर्व इतिहासातून मला एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे. रात्रबंदी बरी की वाईट, यापेक्षा हा प्रश्न नागरिकाला केव्हा विचारला जातो, याला अधिक महत्त्व आहे. अमेरिकन गावांनी तो मध्यरात्री विचारला, गाडी घेऊन झाल्यावर, दंडाची पावती हातात देऊन. म्हणून तेथे घरमालक आणि भाडेकरू असे तट पडले. जपानने तो दुकानात, गाडी घेण्यापूर्वी विचारला, आणि त्याच काळात आगगाड्यांचे जाळे वाढवून नकाराला पर्यायही दिला. आपण तो आजवर बहुधा विचारलाच नाही, आणि जेव्हा विचारला तेव्हा पर्याय तयार नव्हता. पर्यायाशिवाय घातलेली बंदी गरिबाला जाचते. पण कसलाच नियम नसला तर तोही गरिबालाच जाचतो, कारण चालणारा, बसने जाणारा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहणारा बहुधा तोच असतो.

आज घरी जाताना आपल्या गल्लीकडे जरा निरखून पाहा. दोन्ही बाजूंच्या गाड्यांमधून किती वाट उरली आहे ती पावलांनी मोजा. मग मनाशी एवढेच विचारा की, या वाटेने आज रात्री बंब आत येऊ शकेल काय? उत्तर ‘नाही’ असे आले, तर हा विषय क्षुल्लक नव्हता, हे मी निराळे सांगण्याची गरज उरणार नाही.