तळटीप : ‘नऊवारी नेसून पिक्चरले’

१२. ‘पिक्चरले’ म्हणजे पिक्चरला. अहिराणीचा हा ‘-ले’ लेखिकेच्या देवपुरी बोलण्यातला, म्हणून तसाच ठेवला आहे. (देवपूर म्हणजे पांझरेपलीकडचे धुळे.) उल्लेख आहे केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’चा. ३० जून २०२३ रोजी तो लागला आणि महाराष्ट्रभर बायका गटागटाने नऊवारी, नथ, गजरा असा साज करून चित्रपटगृहांत गेल्या, गाण्यांबरोबर गायल्या, जागा मिळेल तिथे नाचल्या. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी पुन्हा एकत्र येणाऱ्या सहा बहिणींची ही कथा. त्यामुळे पडद्यावरचा साज आणि खुर्चीतला साज एकच झाला. लंडनमध्ये १९९९पासून ‘द साउंड ऑफ म्युझिक’चे (१९६५) असे खेळ होतात. पडद्यावर गाण्यांचे शब्द उमटतात आणि लोक नन किंवा मुलांच्या वेशात येऊन गातात. तिथे हा प्रघात आयोजकांनी पाडला, इथे तो बायकांनी आपणहून पाडला, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. १९७५च्या ‘जय संतोषी माँ’ला लोक चपला बाहेर काढून बसत, पडद्याला ओवाळत, हेही आठवावे. गुलाबाईची गाणी म्हणत वाढलेल्या खानदेशी बाईला बघणारी वेगळी आणि गाणारी वेगळी, हे मुळात ठाऊकच नाही. ज्या भगिनींकडे ‘बाईपण भारी देवा’च्या खेळांचे फोटो असतील, त्यांनी मागे तारीख आणि चित्रपटगृहाचे नाव लिहून ते जपून ठेवावेत. — संपा.