लोणारच्या ‘ण’खालचे टिंब

लोणारमधला ‘ण’ मिठाचा आहे. संस्कृत ‘लवण’चे प्राकृतात ‘लोण’ झाले. तेच लोण आपल्या लोणच्यात आहे आणि खाऱ्या सरोवराकाठच्या या गावाच्या नावातही. दैत्यसूदनाने लवणासुराला मारल्याची कथा इथे अजून सांगतात, तिच्याही मुळाशी हेच मीठ. रोमन अक्षरांत मात्र हा ‘ण’ विरघळतो. एल, ओ, एन, ए, आर एवढेच उरते आणि परका माणूस ‘लोनर’ वाचून मोकळा होतो. हिंदीत तर ‘लोनार’ लिहिण्याचीच रीत पडली आहे.

रोमन लिपीला ‘ण’ लिहिता येत नाही असे नाही. ‘एन’खाली एक टिंब दिले की झाले. १८९४ मध्ये जिनिव्हाच्या प्राच्यविद्या परिषदेत लिप्यंतराची जी पद्धत ठरली, तिच्यात हे अक्षर आहे. मोनियर-विल्यम्सच्या १८९९ च्या संस्कृत कोशात ते पानोपानी भेटते. पण सरकारी कारभाराने विल्यम हंटर यांची सोपी पद्धत उचलली. तिच्यात टवर्ग आणि तवर्ग यांचा भेद नाही. इम्पीरियल गॅझेटियरने आमच्या जिल्ह्याच्या नावात ‘आ’कारावर आडवी रेघ काळजीपूर्वक दिली, व्यंजनांखाली काहीच नाही. बुलढाण्याचे ‘बुलदाना’ झाले ते असे. छापखान्याची अडचण मला समजते. पण स्वराला मिळालेला मान व्यंजनाला का नाही, हे कोडे सुटत नाही.

संगणक आला तेव्हा त्यानेही आधी टिंब नाकारलेच. १९६३ च्या आस्की संकेतात जागा अवघ्या १२८. पुढे पश्चिम युरोपसाठी आठ बिटांचा संच झाला; त्यात स्पॅनिशच्या, डोक्यावर लाट असलेल्या ‘एन’ला घर मिळाले, आमच्या पायाशी टिंब असलेल्या ‘एन’ला नाही. संशोधकांनी मग जुगाड केले. कुणी ‘ण’साठी मोठ्या लिपीतला ‘एन’ वापरला; हार्वर्ड-क्योटो आणि आयट्रान्स या दोन्ही पद्धतींत तोच आहे. कुणी स्वतःचे फॉन्ट घडवले. अशा फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या यंत्रावर उघडली की अक्षरांची खिचडी. श्रीलिपी किंवा आकृतीतला मजकूर दुसरीकडे नेताना ज्यांनी कपाळावर हात मारला आहे, त्यांना हे दुःख वेगळे सांगायला नको.

१९९३ च्या युनिकोड १.१ मध्ये या अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला : ७७५१. देवनागरी ‘ण’चा क्रमांक २३३९. संगणकाच्या सोळा-अंकी मोजणीत ७७५१ म्हणजे एक, ई, चार, सात. वर्डमध्ये या चार कळा इंग्रजीत दाबून मग ‘ऑल्ट’ आणि ‘एक्स’ एकत्र दाबले की टिंबासह ‘एन’ उमटतो. मॅकवर ‘एबीसी एक्स्टेंडेड’ कळफलक निवडून ‘ऑप्शन’ आणि ‘एक्स’, मग ‘एन’. दोन दिवसांत बोटांना सवय होते.

खरी गोम पुढे आहे. हेच अक्षर दोन तुकड्यांतही लिहिता येते : साधा ‘एन’, क्रमांक ११०, आणि त्यामागे जोडटिंब, क्रमांक ८०३. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. युनिकोड त्यांना समान मानते, त्यांचे एकरूपीकरण कसे करायचे तेही सांगते. पण शोधयंत्रणा लिहिणाऱ्याने ती पायरी गाळली, तर एक रूप टाकणाऱ्याला दुसरे सापडत नाही. लोणारचे जुने उल्लेख गोळा करताना हे मला एका ग्रंथसूचीत दिसले. अखंड अक्षराने शोधले तर काही लेख निघाले, जोडटिंबाने शोधले तर वेगळेच. टिंब गाळून शोधल्यावर तिसराच ढीग पुढे आला. एखादा अभ्यासक पहिल्याच शोधावर थांबला, तर लोणारवर लिहिलेले बरेचसे त्याच्यापुरते लिहिलेच गेले नाही.

माझ्या नोंदवहीत आता रोमन रकान्यात सगळीकडे ७७५१ आहे, शेजारी देवनागरी ‘लोणार’. दुसऱ्यांच्या सूची धुंडाळताना मात्र तिन्ही रूपे टाकतो, आणि चौथे म्हणून हिंदीतले ‘लोनार’ही.