एव्हरेस्टवरील दोन बेपत्ता गिर्यारोहक

एव्हरेस्टचे नाव काढताच तेनसिंग आणि हिलरी आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या २९ वर्षे आधी दोन माणसे याच शिखराच्या अगदी जवळ पोहोचून दिसेनाशी झाली. त्यांचा शोध शंभर वर्षे चालला.

जॉर्ज मॅलरी हा ३७ वर्षांचा, तीन मुलांचा बाप, काही काळ शाळामास्तर. अँड्र्यू अर्विन अवघा २२ वर्षांचा, ऑक्सफर्डचा विद्यार्थी. गिर्यारोहणाचा अनुभव बेताचाच. मात्र बिघडलेली प्राणवायूची उपकरणे दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ८ जून १९२४ रोजी हे दोघे सर्वांत वरच्या तंबूतून निघाले. दुपारी १२ वाजून ५० मिनिटांनी त्यांचा सोबती ओडेल याला ढग क्षणभर विरळ झाले असता शिखराकडील धारेवर दोन काळे ठिपके सरकताना दिसले. मग ढगांनी सारे झाकले.

ओडेल एकदा नव्हे, दोनदा वरच्या तंबूपर्यंत चढला. तंबू रिकामाच होता. शेवटी त्याने दोन झोपण्याच्या पिशव्या बर्फावर टी अक्षरासारख्या मांडल्या. खालच्यांसाठी ठरलेली ती खूण होती : माग नाही, आशाही नाही.

१९३३ मध्ये सुमारे २७,७०० फुटांवर एक बर्फकुऱ्हाड सापडली. पुढे तीवरील खाचांवरून ती अर्विनची ठरवण्यात आली. १९७५ मध्ये वांग होंगबाओ या चिनी गिर्यारोहकाला एक जुना मृतदेह दिसला. १९७९ मध्ये त्याने ही हकिगत एका जपानी सोबत्याला सांगितली आणि दुसऱ्याच दिवशी हिमलोटात त्याचाही अंत झाला. त्या तुटक धाग्यावरून निघालेल्या तुकडीतील कॉनरॅड अँकरला १ मे १९९९ रोजी सुमारे ८,१५५ मीटरवर देह सापडला, पण तो मॅलरीचा! कमरेला तुटलेला दोर, खिशात काळा चष्मा आणि रुमालात गुंडाळलेली पत्रे. कागद ७५ वर्षांनंतरही वाचता येत होते. कॅमेरा मात्र नव्हता.

ते शिखरावर पोहोचले होते का, यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. आम्हांला मॅलरीचा मुलगा जॉन याचे मत पटते. जिवंत परत आले तरच शिखर सर झाले, असे तो म्हणे. बाप गेला तेव्हा तो चार वर्षांचाही नव्हता.

याच पर्वतावर १९२२ साली हिमलोटात सात हमाल दगावले. ती मोहीमही मॅलरीचीच होती. त्या सातांची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

सप्टेंबर २०२४ मध्ये मध्य रोंगबुक हिमनदीवर वितळत्या बर्फातून एक बूट वर आला. आत पाऊल होते आणि मोज्यावर नावाची पट्टी शिवलेली होती : ए. सी. अर्विन. वसतिगृहातील मुलांचे कपडे अदलाबदल होऊ नयेत म्हणून घरची माणसे नाव घालून देतात, अगदी तशीच. अर्विनच्या नातेवाइकांनी खात्रीसाठी स्वतःचे नमुने तपासणीस देऊ केले. कॅमेरा त्या वेळीही मिळाला नाही.